वीस दुकानदारांचा बाजार: महाने येहूदाकडून आपल्या गावांनी काय घ्यावं?



आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना आपण मशिदींबद्दल लिहितो, आडनावांबद्दल लिहितो, आलियाहबद्दल लिहितो. बाजाराबद्दल मात्र क्वचितच कोणी लिहितं. खरं तर कोकणात आपली ओळख बाजारानंच ठरवली होती. पेण, रेवदंडा, नागाव, अलिबाग या पट्ट्यात आपल्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते. शब्बाथला घाणा बंद राहायचा, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. या नावाचा अभिमान आपण धर्मासाठी बाळगतो, आणि तो बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. शनिवारी तेल मिळणार नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि गावानं ते मान्य केलं होतं. बाजार म्हणजे फक्त देणंघेणं नव्हे. बाजार ही एकमेकांत केलेली समजूत असते.

आज हा विषय काढण्याचं कारण असं. आपली बरीच कुटुंबं इथे इस्राएलमध्ये दिमोना, येरुहाम, बेरशेवा, लोद, रामला, किर्यात गात, अश्दोद अशा ठिकाणी स्थायिक झाली. यांतल्या लहान गावांत मध्यभागी एक जुनी बाजारपेठ असते. चौक, भोवती दुकानं, एखादा न्हावी, बेकरी, भाजीवाला, कापडवाला. ज्यांनी ही गावं वाढताना पाहिली, त्यांना ती पेठ भरलेली आठवते. आता तिथे खाली ओढलेली शटरं बरीच दिसतात. ‘मॉल आला, आता काय होणार?’ असं म्हणून आपण पुढे जातो. पण एकदा ओस पडू लागलेला बाजार पुन्हा उभा राहू शकतो का? राहू शकतो, आणि त्याचं उदाहरण जेरुसलेममध्येच आहे: महाने येहूदाचा शूक. तो मोठ्या शहरातला बाजार आहे, हे खरं. तरी तो कसा पडला, कसा उठला आणि उठल्यावर त्याचं काय झालं, यात लहान गावानं घ्यावं असं बरंच काही आहे.

बाजार बांधला कोणी?

महाने येहूदा ही मुळात वस्ती आहे. याफो रस्त्याच्या उत्तरेला १८८७ साली ती वसवली गेली. तेव्हा लोक जुन्या जेरुसलेमच्या तटाबाहेर राहायला येऊ लागले होते. माणसं आली की भाजी, अंडी, कोंबडी लागणारच. रस्त्याच्या दक्षिणेला व्हालेरो या सेफार्दी कुटुंबाची जमीन होती. तिथे आसपासच्या अरब गावांतले शेतकरी माल घेऊन बसू लागले. सुरुवातीला त्याला शेजारच्या वस्तीवरून ‘बेत याकोव्हचा बाजार’ म्हणत. ना छप्पर, ना पाण्याची सोय, ना गटार. तुर्कांच्या राज्यात तो वाटेल तसा वाढला आणि घाणही वाढली.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस इंग्रजांनी हे रस्त्यावरचे विक्रेते हलवले, पक्के गाळे बांधले, वर छप्पर घातलं. त्यानंतर महाने येहूदा हे नाव बाजाराला चिकटलं. इथवरची गोष्ट सरकारची आहे. मला पुढची जास्त महत्त्वाची वाटते.

बाजाराच्या पश्चिमेला काही विक्रेते नुसत्या मोकळ्या जागेवर बसत. जागा त्यांची नव्हती, कधीही उठवलं असतं. १९३१ साली अशा वीस व्यापाऱ्यांनी मिळून तिथे बाजाराचा एक नवा भाग बांधला. त्यांच्यात इराकहून आलेले ज्यू बरेच होते, म्हणून त्याचं नाव पडलं ‘इराकी बाजार’. आजही तिथे म्हातारे शेशबेश खेळत बसलेले दिसतात. त्याच सुमारास याफो रस्त्यावरच्या एत्स हाइम येशिवानं शेजारच्या गल्लीत ओळीनं दुकानं काढली. त्यांचं भाडं येशिवाच्या खर्चाला जायचं. म्हणून त्या गल्लीचं नाव एत्स हाइम.

विचार करा, एकटा भाजीवाला काय बांधू शकला असता? फार तर एक फळी आणि वर ताडपत्री. वीस जण एकत्र आले म्हणून भिंत झाली, रांग झाली, पत्ता झाला. आपल्या लोकांना हे नवं नाही. मुंबईतली पहिली मशीद, ‘शाआर हारहामीम’, सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधली. ते काम एका माणसाच्या पुढाकारानं झालं. पण कोकणातल्या गावोगावच्या मशिदी उभ्या राहिल्या आणि टिकल्या त्या अनेक घरांनी मिळून भार उचलला म्हणून. बाजारालाही तोच नियम लागू आहे.

पडता काळ

इस्राएलचं राज्य झाल्यावर पहिली काही दशकं शूक जेरुसलेमचं पोट होता. मग हळूहळू गिऱ्हाईक पातळ होऊ लागलं. १९५८ मध्ये तेल अवीवला देशातलं पहिलं सुपरमार्केट उघडलं. नंतर ते सगळीकडे पसरलं. घरोघरी फ्रिज आला, मोटार आली. १९८५ मध्ये रामत गानला अयालोन मॉल सुरू झाला, आणि मग प्रत्येक शहराला आपला मॉल हवासा वाटू लागला. तिथे गाडी लावायला जागा, उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब. शूकात मात्र पायाखाली कोबीची पानं, डोक्यावर गळकं छप्पर आणि दोन्ही हातांत पिशव्या. शूक म्हणजे गरिबांची आणि म्हाताऱ्यांची जागा, असं तरुण लोक समजू लागले.

त्यावर बाँबस्फोटांचे घाव बसले. नोव्हेंबर १९६८ मध्ये अग्रिपास रस्त्यावर स्फोटकं भरलेली गाडी उडवली, बारा माणसं गेली. ३० जुलै १९९७ रोजी दोन आत्मघातकी हल्लेखोरांनी गर्दीच्या वेळी बाजारातच स्फोट केले, सोळा माणसं गेली. १२ एप्रिल २००२ ला, शुक्रवारी, शब्बाथची खरेदी चालू असताना, याफो रस्त्यावरच्या बसथांब्यापाशी एका बाईनं स्फोट घडवला. सहा जीव गेले. त्यांत परदेशातून आलेले चिनी मजूरही होते.

त्यानंतर लोक घाबरले, यात नवल नाही. बाजाराला गर्दी हवी असते आणि लोक गर्दीलाच घाबरत होते. मॉलच्या दाराशी पहारेकरी पिशव्या तपासू शकतो. शूकाला मात्र दहा बाजूंनी वाटा आहेत.

दुकानदारांनी काय केलं?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मॉलला एक मालक असतो. दिवे गेले, नळ गळला, जाहिरात करायची झाली, तर तो बघतो. कुठल्या दुकानाशेजारी कुठलं दुकान ठेवायचं, तेही तोच ठरवतो. शूकात अडीचशेहून जास्त विक्रेते आहेत आणि मालक अनेक. शेजाऱ्याचं शटर बंद पडलं तर तोटा आपलाही होतो, कारण त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक आपल्या दारावरून जात असतं. पण ते शटर उघडायचा अधिकार आपल्याला नसतो. म्हणून अशा बाजाराला समिती लागते. महाने येहूदाची व्यापारी समिती दुकानदारांच्या वतीनं नगरपालिकेशी बोलत आली, भांडत आली.

दुरुस्तीची कामं २००० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर झाली. जमिनीखालची गटारं आणि नळ दुरुस्त झाले, रस्त्यांवर नवी फरसबंदी आली, उघड्या भागांवर छप्परं चढली. हे काम नगरपालिकेचं, पैसा सार्वजनिक. मात्र चालू बाजारात खोदकाम करायचं म्हणजे प्रत्येक दुकानदारानं काही दिवस नुकसान सोसायला हवं. ती कबुली समितीशिवाय मिळत नाही. माझं आयुष्य आरोग्यखात्यात गेलं, म्हणून मला छपरापेक्षा गटाराचं कौतुक जास्त. जिथे मासे, कोंबडी आणि भाजी शेजारी शेजारी विकतात, तिथे पाण्याचा निचरा नीट असणं हीच पहिली जाहिरात.

दुसरी गोष्ट वेळेची. भाजीबाजार संध्याकाळी मिटतो. कामावरून सुटलेला माणूस येईपर्यंत तिथे अंधार. २००२ च्या सुमारास, सगळ्यात वाईट दिवसांत, एली मिझराही यांनी शूकात कॅफे काढला. ते बाजारातल्याच दुकानदार कुटुंबातले, पुढे व्यापारी समितीचे अध्यक्ष म्हणूनही ओळखले गेले. टोमॅटो आणि मिठातल्या ऑलिव्हच्या शेजारी कोण कॉफी प्यायला बसणार, असं तेव्हा कोणालाही वाटलं असतं. पण लोक बसले. बसलेली माणसं दिसली की जाणाऱ्याची भीती कमी होते, हे साधं आहे. मग आणखी खाणावळी आल्या. इराकी बाजारात जुन्या घरगुती खाणावळी होत्याच, त्यांच्याकडेही नवे लोक वळले. २००९ मध्ये बाजाराला लागूनच ‘माखनेयुदा’ नावाचं रेस्टॉरंट उघडलं. शूकात सकाळी मिळालेला माल रात्री ताटात, अशी त्याची ख्याती झाली. २०१० च्या आसपास उन्हाळ्यात ‘बालाबास्ता’ नावाचा उत्सव भरू लागला. बास्ता म्हणजे विक्रेत्याची मांडणी, आपली पथारी म्हणा. गल्ल्यांतून गाणी, नाच, खेळ. ऑगस्ट २०११ मध्ये याफो रस्त्यावर ट्राम धावू लागली आणि शूकाच्या तोंडाशी थांबा आला.

यातली कुठली एक गोष्ट कामाला आली, असं सांगता येणार नाही. नुसतं छप्पर घालून लोक येत नाहीत, आणि नुसता उत्सव भरवून गटार वाहत नाही. दुकानदार आधीच आपसांत बोलत होते, म्हणून या गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या.

बंद शटरांची चित्रं, आणि गोव्याचं नातं

आता एक गोष्ट मुद्दाम आपल्यासाठी. २०१५ च्या सुरुवातीला सॉलोमन सूझा नावाचा विशीतला चित्रकार रात्री शूकात रंगाचे डबे घेऊन फिरू लागला. त्याचा मित्र बेरेल हान दुकानदारांशी बोलून परवानगी मिळवायचा, आणि सूझा शटरवर चेहरे रंगवायचा: रब्बी, पुढारी, लेखक, बायबलातली माणसं. बघता बघता दीडशेहून जास्त शटरं रंगली.

हा सूझा कोण? गोव्यातल्या साळगावात १९२४ साली जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले आणि १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढणारे प्रसिद्ध चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा हा नातू. आजोबा गोव्याचे ख्रिस्ती, आजी युरोपातली ज्यू, आई केरेन चित्रकार. जन्म लंडनचा. २०१९ मध्ये त्यानं गोव्यातही भिंतींवर गोमंतकीय माणसांची चित्रं काढली. कोकण किनाऱ्याचं रक्त जेरुसलेमच्या शूकात असं पोचलं.

त्याच्या कामात मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. शटर उघडलं की चित्र गुंडाळलं जातं. म्हणून ही चित्रं दिवसा दिसत नाहीत. दिसतात रात्री आणि शब्बाथला. शूक शब्बाथला पूर्ण बंद असतो. शुक्रवारी दुपारी भोंगा वाजवत ‘आता आवरा’ सांगणारे लोक येतात, दुकानं मिटतात, आणि मग मोकळ्या गल्लीतून लोक चित्रं पाहत चालतात. इतर ठिकाणी बंद शटर म्हणजे बाजार मेल्याची खूण. इथे तीच पाहायला माणसं येतात. शनिवार तेल्यांच्या वंशजांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

उठल्यानंतर काय झालं?

गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धवट राहील. बाजार उठला, नाव झालं, आणि गाळ्यांची भाडी चढली. ज्याचा गाळा स्वतःचा नाही, त्या भाजीवाल्याला हे झेपत नाही. ज्याचा स्वतःचा आहे, त्याच्या मुलांना पहाटे उठून पेट्या उचलण्यापेक्षा गाळा दारूच्या बारला भाड्यानं देणं सोपं वाटतं. त्यांनाही दोष देता येत नाही. पण एक भाजीचं दुकान गेलं आणि तिथे बार आला, की सकाळी ती जागा बंद दिसते. दोन गेली, चार गेली, की आठवड्याची खरेदी करणारी बाई म्हणते, ‘इथे आता फक्त पर्यटक येतात.’ ती सुपरमार्केटला जाते आणि उरलेल्या भाजीवाल्याचंही गिऱ्हाईक तुटतं. रात्रीचा गोंगाट, कचरा, शेजारच्या वस्तीची झोपमोड यांवरून वाद झाले, अजूनही होतात. जुने दुकानदार म्हणतात, बाजार वाचला, पण तो बाजार उरला का?

याचं मूळ आधी सांगितलेल्या गोष्टीत आहे. शूकाला एक मालक नाही. संकटात सगळ्यांचं हित एक होतं, तेव्हा एकजूट सोपी होती. भरभराटीत हित वेगवेगळं झालं. ज्याचा गाळा त्याला चढं भाडं हवं, भाडेकरूला स्वस्त हवं, बारवाल्याला रात्र हवी, भाजीवाल्याला पहाट. कुठला धंदा किती असावा, याचा करार आधी करून ठेवला नाही तर नंतर तो होत नाही.

तरी एकजूट पुरती मेली नाही, हे कोरोनात दिसलं. २०२० च्या वसंतात शूक गिऱ्हाइकांना बंद केला, सुपरमार्केटं मात्र चालू राहिली. पुढे काही मोठ्या दुकानांनाही परवानगी मिळाली, शूकाला नाही. तेव्हा दुकानदारांनी एकत्र येऊन निदर्शनं केली. मे महिन्यात बाजार पुन्हा उघडला.

आपल्या गावांसाठी

आता बेरशेवाकडे पाहू. तिथलं जुनं गाव तुर्कांनी १९०० च्या सुमारास आखलं. सरळ रस्ते, चौकोनी ठोकळे. आपली माणसं आली तेव्हा खरेदीची जागा तीच होती. नंतर मॉल निघाले आणि केरेन कायेमेत रस्त्यावरची वर्दळ ओसरली. दिमोना तर १९५५ मध्ये वाळवंटात नव्यानं वसवलेलं गाव. गिरण्या होत्या तोवर पगाराच्या दिवशी पेठ फुलायची, गिरण्यांबरोबर पेठही सुकली.

अशा गावात महाने येहूदाची नक्कल चालणार नाही. तिथे जेरुसलेमइतके पर्यटक नाहीत, आणि बारची रांग तर नकोच. पण त्यातल्या काही गोष्टी घेता येतील. पहिली म्हणजे दुकानदारांची समिती, मग ती सात जणांची का असेना. दुसरी, सगळ्यांची उघडायची वेळ एक. एक जण दुपारी तीनला बंद, दुसरा पाचला उघडणार, असं असलं तर गिऱ्हाईक हेलपाटा घालत नाही. तिसरी, सावली, बाक, दिवे आणि स्वच्छ संडास, यांसाठी नगरपालिकेकडे सगळ्यांनी मिळून एकच अर्ज. चौथी, रिकामा गाळा वर्षानुवर्षं कुलपात ठेवण्यापेक्षा तरुण माणसाला थोडे महिने कमी भाड्यात द्यायला मालकाला राजी करणं. आणि पाचवी, गर्दी यायच्या आधीच ठरवून ठेवणं की भाजी, भाकरी, औषध ही दुकानं पेठेतून जाऊ द्यायची नाहीत.

हे मी व्यापारासाठी म्हणत नाही. नर्स म्हणून मी बरीच वर्षं म्हाताऱ्या माणसांना पाहिलं. ज्या बाईला कोथिंबिरीची जुडी आणायला चारशे पावलं चालावं लागतं, वाटेत बाकावर टेकता येतं, दुकानदार नावानं हाक मारतो, ती बाई जास्त दिवस आपल्या पायांवर राहते. एक दिवस ती आली नाही तर दुकानदाराच्या लक्षात येतं. मॉल तिच्यासाठी दोन बस दूर असतो. तिथे ती मुलगा गाडीनं नेईल तेव्हाच जाते. साठ वर्षांपूर्वी तरुण म्हणून या गावांत आलेले आपले काका-मावश्या आज त्या वयात आहेत. पेठ मेली की त्यांचं घराबाहेर पडणं थांबतं. हे कुठल्या हिशेबाच्या वहीत लिहिलेलं नसतं.

आपल्या गावांतल्या भारतीय दुकानांनीही यात वाटा उचलला आहे. पोहे, खोबरं, मसाला, पापड मिळतो म्हणून दुसऱ्या गावाहून माणूस पेठेत येतो, आणि आला की शेजारच्या बेकरीतूनही काही घेऊन जातो. मलीद्यासाठी पोहे घ्यायला निघालेलं कुटुंब फळंही तिथेच घेतं. म्हणून लंडन, न्यूयॉर्क, दुबईहून सुट्टीत आई-वडिलांकडे येणाऱ्या मंडळींना माझं एक सांगणं आहे. आल्यावर पहिली खरेदी मॉलमध्ये करू नका. आईचा हात धरून गावच्या पेठेत जा. तिच्या दुकानदाराला सांगा की तुम्ही मुद्दाम इथे आलात.

१९३१ साली त्या वीस जणांकडे भांडवल थोडं होतं आणि जमीन तर स्वतःची नव्हती. पण पाऊस आल्यावर कोणाचं ताडपत्रीचं टोक कोणी धरायचं, हे ते एकत्र बसून ठरवू शकत होते. तुमच्या गावच्या पेठेत असे कोण कोण होते, दुकान कशाचं होतं, आता तिथे काय आहे, ते आठवत असेल तर मला जरूर कळवा. आपल्या बाजारांचा इतिहासही लिहून ठेवायला हवा. पेठ चालू असतानाच लिहिला, तर सांगायला माणसं सापडतात.